सिनेमा-मालिकांबद्दल बोलताना काय झाकायचं आणि काय आधीच सांगायचं

सिनेमाबद्दल लिहायला किंवा चारचौघांत बोलायला लागलं की दोन सूचना हमखास कानावर येतात. सस्पेन्स फोडू नकोस, ही पहिली. कुणाला त्रास होईल असं काही असेल तर आधी सांग, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. अडचण अशी की पहिली म्हणते गप्प राहा, दुसरी म्हणते बोल, आणि पुष्कळदा दोघी एकाच प्रसंगाबद्दल बोलत असतात. सिनेमातला सगळ्यात मोठा धक्का हाच सगळ्यात त्रासदायक प्रसंगही असतो.

यातून वाट काढता येते. प्रसंग कोणत्या प्रकारचा आहे ते वर, सगळ्यांना दिसेल असं सांगायचं. तो कोणावर येतो, कधी येतो, कोणामुळे येतो आणि पुढे काय होतं, ते खाली, ज्याला हवं त्यालाच दिसेल असं ठेवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत. नव्याने परीक्षण लिहिणारे, फिल्म सोसायटीत चर्चा घेणारे आणि रात्री थिएटरमधून बाहेर पडता पडता घरच्या ग्रुपवर मेसेज टाकणारे, असे तिघेही माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

या लेखात एका ठिकाणी ‘सैराट’चा शेवट आणि एका अमेरिकन सिनेमाच्या उत्तरार्धातली कलाटणी सांगितली आहे. तिथे आधी तसं लिहिलं आहे.

पहिली पायरी: रेघ कुठे मारायची ते ठरवा

नवख्यांसाठी सोपा नियम असा: पोस्टर, ट्रेलर आणि सिनेमाचा पहिला अर्धा तास यांत जे आहे ते मोकळेपणी सांगा. त्यापुढचं सांगायचं असेल तर आधी इशारा द्या. ‘श्वास’ (२००४) घ्या. कोकणातला एक आजोबा नातवाला डोळ्यांच्या दुखण्यासाठी पुण्याला डॉक्टरांकडे आणतो, आणि कळतं की मुलाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार. ही त्या सिनेमाची सुरुवातीची मांडणी आहे, रहस्य नव्हे. ती लपवून ‘श्वास’बद्दल दोन वाक्यंही नीट लिहिता येणार नाहीत.

उलट टोकाला ‘बाहुबली’. पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१७ मध्ये. मधली पावणेदोन वर्षं देशभर एकच प्रश्न फिरत होता: कटप्पाने बाहुबलीला का मारलं? म्हणजे पहिल्या भागाचा शेवट उघडपणे लोकांच्या तोंडी होता आणि निर्मात्यांनी तो जाहिरातीलाही वापरला. झाकून ठेवायचं होतं ते फक्त उत्तर. रेघ प्रत्येक सिनेमाची वेगळी असते ती अशी.

दुसरे भाग आणि रिमेक यांत जरा जास्त सांभाळा. ‘दृश्यम’ मूळ मल्याळम, २०१३चा. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला, गोव्यात घडणारा हिंदी ‘दृश्यम’ २०१५चा, आणि त्याचा दुसरा भाग २०२२चा. दुसऱ्या भागाची कथा सांगायला बसलात की पहिल्याचा शेवट आपोआप फुटतो. तेव्हा दुसऱ्या भागावर लिहिताना पहिल्याच ओळीत घाला: ‘पहिला भाग पाहिला नसेल तर हे आत्ता वाचू नका.’ हिंदी रिमेकवर लिहिताना मूळ मल्याळम पाहायचा बेत असलेला वाचकही ध्यानात ठेवा.

आता गळती. बहुतेक जण शेवट सरळ सांगत नाहीत, पण वाटेत सांडून जातात. ‘शेवटी असा ट्विस्ट आहे की बस!’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. ते वाचलेला माणूस मात्र सिनेमाभर ट्विस्टच शोधत बसतो. ‘त्या शेजाऱ्याकडे नीट लक्ष ठेवा’, ‘मध्यंतरापर्यंत दम धरा, मग बघा’, ‘नायिकेची भूमिका छोटी आहे पण लक्षात राहते’ ही सगळी त्याच जातीतली वाक्यं. नायिकेची भूमिका छोटी आहे म्हटल्यावर ती लवकर जाते हे कळायला किती वेळ लागतो? अनपेक्षितपणे पडद्यावर येणाऱ्या पाहुण्या नटाचं नावही तसंच. श्रेयनामावलीत नसेल तर तुम्हीही लिहू नका.

एक उदाहरण बघू. समजा परीक्षणात तुम्ही लिहिलंत: ‘मोठ्या भावाचं काम करणाऱ्या नटाने दुसऱ्या अर्ध्यात जी कमाल केली आहे तिला तोड नाही.’ तुम्ही केलीत स्तुती, पण वाचकाला कळलं की मोठ्या भावाचं दुसऱ्या अर्ध्यात काहीतरी वेगळंच रूप आहे. तीच स्तुती अशी करा: ‘मोठ्या भावाचं काम करणारा नट फार कमी बोलतो. जेवताना, दार लावताना, पैसे मोजताना त्याचं ते न बोलणं सतत जाणवत राहतं.’ काहीच फुटलं नाही, आणि अभिनयाबद्दल पहिल्या वाक्यापेक्षा जास्तच सांगितलं गेलं. सस्पेन्स सांभाळायची सवय लागली की लिहिणारा कथानक सोडून आवाज, चेहरे, प्रकाश, जागा यांच्याकडे वळतो. माझ्या मते परीक्षण सुधारण्याचा हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

शेवट सांभाळायची ही रीत मोबाइलच्या जमान्यातली नाही. ‘ले दियाबोलिक’ या १९५५च्या फ्रेंच सिनेमाच्या अखेरीस, पाहिलेलं मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका, अशी विनंती पडद्यावर येते. १९६० साली ‘सायको’च्या वेळी हिचकॉकने खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला होता. आपल्याकडे रहस्यनाटकाच्या परीक्षणात खुनी कोण ते न सांगण्याचा संकेतही जुनाच आहे.

दुसरी पायरी: मुदत ठरवा, आणि ती उदार ठेवा

‘आता सगळ्यांनी पाहिलाच असेल’ असं आपल्याला पहिल्या सोमवारीच वाटायला लागतं. ज्या तालुक्याच्या गावात थिएटर उरलेलं नाही तिथला माणूस सिनेमा ओटीटीवर किंवा टीव्हीवर येईपर्यंत थांबतो. परदेशातल्या मराठी माणसाला तर मंडळाने हॉल घेऊन एखाद्या शनिवारी लावलेला एकच खेळ मिळतो, तोही इथल्या प्रदर्शनानंतर काही आठवड्यांनी. सिनेमा लागल्यावर लगेच तिकीट काढू शकणारे आपण प्रेक्षकांपैकी थोडेच.

मी स्वतः पाळते ती मुदत सांगते. थिएटरमधला सिनेमा असेल तर तो ओटीटीवर येऊन महिना होईपर्यंत शेवटाबद्दल उघड बोलत नाही. वेबसिरीजचे सगळे भाग एकदम आले असतील तर कितव्या भागापर्यंतचं बोलतेय ते आधी सांगते: ‘चौथ्या भागापर्यंत’ एवढे दोन शब्द पुरतात. दैनंदिन मालिकेचं गणित वेगळं. काही ॲपवर पैसे भरणाऱ्यांना आजचा भाग टीव्हीच्या आधीच पाहता येतो, आणि घरातली आजी मात्र तो रात्री ठरलेल्या वेळीच बघणार असते. म्हणून मालिकेबद्दल दुसऱ्या दिवशी बोलावं. वाहिनीच्या प्रोमोत जे आधीच दाखवलं आहे त्यावर बोलायला काहीच हरकत नाही.

आणि जुना सिनेमा? त्याला मुदत संपली असं मी मानत नाही. दहा वर्षांपूर्वीचा सिनेमा आज पंधरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा बघते. एका ओळीचा इशारा लिहायला काही सेकंद लागतात.

तिसरी पायरी: प्रमाणपत्र वाचायला शिका

त्रासदायक आशयाची पूर्वसूचना द्यायची तर आधी सरकारी सूचना काय सांगते आणि काय सांगत नाही हे माहीत हवं. आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२चा. यू म्हणजे सर्वांसाठी, ए म्हणजे प्रौढांसाठी, एस म्हणजे डॉक्टर वगैरे विशिष्ट वर्गासाठी. मधला यूए हा गट बरीच वर्षं एकसंध होता. २०२३च्या दुरुस्तीने त्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्या आईबापांसाठी हा बदल मोलाचा आहे, कारण पूर्वीच्या नुसत्या यूए शिक्क्यावरून त्यांना फारसं काही कळत नसे.

ओटीटीसाठी २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू आहेत. तिथे वयोगटाबरोबर आशयाचं वर्णनही द्यावं लागतं. सुरुवातीला कोपऱ्यात हिंसा, शिवराळ भाषा, अमली पदार्थ अशा शब्दांची ओळ येते ती हीच. ती पूर्ण वाचण्याआधीच नाहीशी होते, म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याने थांबवून लिहून घ्यावी. टीव्हीवरच्या दैनंदिन मालिकांना मात्र असं पूर्वप्रमाणपत्र लागत नाही, आणि घरातली लहान मुलं जेवणाच्या वेळी बघतात त्या मालिकाच. तिथे सासरचा छळ, विषप्रयोग, अपहरण यांबद्दल मोठ्या माणसाने आधी सांगितलं तरच कळतं.

प्रमाणपत्र वयाचा विचार करतं. एखाद्या माणसावर काय गुदरलं आहे याचा विचार ते करू शकत नाही. गर्भपात, कर्करोगाचा वॉर्ड, पुरात वाहून गेलेलं घर, जातीवरून दिलेली शिवी, पाळीव कुत्र्याचा मृत्यू यांपैकी एकही गोष्ट ‘ए’ किंवा ‘यूए’ या अक्षरांत मावत नाही. ‘चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी चित्रीकरणाबद्दल आहे. कथेत कुत्रा मरतो की जगतो ते ती सांगत नाही. हेच विचारणाऱ्या प्रेक्षकांसाठी ‘डझ द डॉग डाय’ नावाचं इंग्रजी संकेतस्थळ आहे, आणि तिथे प्रेक्षकच अशा शेकडो प्रश्नांची हो-नाही उत्तरं भरतात. आयएमडीबीवरचा पालकांसाठीचा विभागही उपयोगी आहे. मराठी सिनेमांबद्दल तिथे फारच कमी भरलेलं असतं. ते काम आपल्यालाच करायला हवं.

चौथी पायरी: सूचना नेमकी लिहा, शांतपणे लिहा

सूचनेत तीन गोष्टी हव्यात: काय आहे, ते दाखवलं आहे की फक्त बोलण्यात येतं, आणि साधारण किती वेळ चालतं.

पहिली गोष्ट, काय आहे. ‘काही दृश्यं विचलित करू शकतात’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. कुणाला रक्त बघवत नाही, कुणाला रक्ताचं काही वाटत नाही पण लहान मुलाला मारलेलं बघवत नाही. म्हणून नाव घ्या: ‘घरगुती मारहाण’, ‘लैंगिक अत्याचार’, ‘इस्पितळातलं मरण’, ‘दारूचं व्यसन’. एक सवय मात्र मुळापासून काढायला हवी. आपल्या परीक्षणांत दोघांच्या मर्जीने झालेला प्रणय आणि बळजबरी या दोन्हींसाठी सर्रास ‘बोल्ड दृश्यं’ असा एकच शब्दप्रयोग होतो. हे फार वाईट आहे. जिला अशा प्रसंगातून जावं लागलं आहे ती बाई तो शब्द वाचून निश्चिंत मनाने थिएटरात जाऊन बसते आणि समोर बलात्काराचा प्रसंग येतो. बलात्कार असेल तर बलात्कार लिहा.

दुसरी आणि तिसरी गोष्ट किती महत्त्वाची आहे ते मला आमच्या चर्चागटात कळलं. खेळ सुरू व्हायच्या आधी एक ताई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “यात बाळंतपणात काही वाईट होतं का हो?”

मी म्हटलं, “हो.”

“दाखवलंय?”

“नाही, दाखवलं नाही. दवाखान्यात बोलणं आहे. मध्यंतर झाल्याबरोबर, पाचेक मिनिटं.”

त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मध्यंतरानंतर दहा मिनिटं बाहेर थांबून आत आल्या, चर्चेलाही थांबल्या. त्यांना कथा विचारायची नव्हती, मीही सांगितली नाही. कोणाचं बाळंतपण, बाळाचं काय झालं, यातलं काहीच बोलण्यात आलं नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक खेळाच्या आधी दारावर एक कागद लावतो आणि अधिक माहिती हवी असेल तर कोणाला विचारायचं त्या माणसाचं नाव त्यावर लिहितो. बहुतेक लोक तो कागद वाचून सरळ आत जातात. थांबून विचारणारे थोडेच असतात, पण असतात.

सूचनेचा सूरही सांभाळायचा. २०२३ साली अशा पूर्वसूचनांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सूचना वाचल्याने प्रत्यक्ष पाहताना होणारा त्रास कमी होत नाही, आणि पाहण्याआधीची धाकधूक मात्र थोडी वाढते. यावरून काही जण म्हणतात की सूचना देऊच नयेत. मला तसं वाटत नाही. सूचना म्हणजे औषध नव्हे, तिच्यामुळे माणसाला बेत आखता येतो: आज बघू की रविवारी, एकटीने बघू की कुणाला सोबत घेऊन, दाराजवळ बसू की मधे. त्या आढाव्यातून मी घेतलेला धडा एवढाच की लाल अक्षरं, उद्गारचिन्हं आणि ‘कमकुवत मनाच्या लोकांनी पाहू नये’ असली भाषा टाळावी. औषधाच्या पाकिटावर घटक लिहिलेले असतात तितक्या साधेपणाने लिहावं.

एक सूचना अशी आहे की ती देताना कथेचा प्रश्नच येत नाही, आणि तरी ती सगळ्यात जास्त विसरली जाते: झपाझप लुकलुकणारा प्रकाश. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगवान उघडझाप झाली, आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यातही मुख्यतः मुलांना, झटके येणं, चक्कर, मळमळ अशा तक्रारींसाठी इस्पितळात न्यावं लागलं. २०१८ मध्ये ‘इन्क्रेडिबल्स २’च्या वेळी अमेरिकेतल्या थिएटरांबाहेर अशा प्रकाशाबद्दल सूचना लावल्या गेल्या. फेफऱ्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेला माणूस प्रत्येक घराण्यात सापडतो. नाचाच्या गाण्यात किंवा मारामारीत स्ट्रोबचा प्रकाश असेल तर तेवढं एक वाक्य जरूर घाला.

पाचवी पायरी: सूचनेनेच सस्पेन्स फुटत असेल तर

या पायरीत ‘सैराट’चा शेवट आणि ‘मिलियन डॉलर बेबी’च्या उत्तरार्धातली घटना उघड सांगितली आहे. जातीय हिंसा, खून आणि इच्छामरण यांचा उल्लेख आहे. दोन्हींपैकी एखादा पाहायचा राहिला असेल तर थेट सहाव्या पायरीवर जा.

२९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. जाहिरातीत होतं ते कोवळं प्रेम आणि अजय-अतुलची गाणी. ‘झिंगाट’वर लोक थिएटरात नाचले, पोराबाळांना घेऊन गेले. आणि अगदी शेवटी, आर्ची-परशाचा संसार मार्गी लागलेला असताना, माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांना मारून टाकतात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं त्यांचं लेकरू परत येतं, आईबापांना पाहून रडत बाहेर पडतं, आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात. तिथे आवाज नाही. थिएटरमधली माणसं गप्प होऊन उठली.

हा धक्का दिग्दर्शकाने विचारपूर्वक दिलेला आहे. आधीचं सगळं हसणं-नाचणं त्या शांततेसाठीच रचलेलं आहे. तो आधीच सांगणं म्हणजे सिनेमाचा कणा काढणं. पण मुलाला घेऊन आलेल्या आईचं काय? स्वतः आंतरजातीय लग्न करून घरच्यांपासून लपून राहणाऱ्या जोडप्याचं काय? त्यांना काहीच न सांगता आत सोडणं मला बरोबर वाटत नाही.

मी सूचना दोन थरांत लिहीन. वरचा थर, सगळ्यांसाठी:

‘या सिनेमात जातीवरून होणारी हिंसा, मारहाण आणि रक्त आहे. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना नेण्याआधी खालची माहिती वाचा किंवा पाहिलेल्या कुणाला विचारा.’

हे खरं आहे, पुरेसं आहे, आणि यातून शेवट कळत नाही, कारण जातीवरून मारहाण सिनेमाच्या मध्यावरही होते. ‘शेवटी’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे. ‘कोणाला’ हेही गाळलं आहे. खालचा थर, मधे मोकळी जागा सोडून, ‘यापुढे शेवट उघड होतो’ असं लिहून:

‘शेवटच्या काही मिनिटांत नायक-नायिकेचा खून होतो. मारताना दाखवलेलं नाही, नंतरचे देह दिसतात. त्यांचं लहान मूल ते पाहतं.’

ज्या आईला मुलाला न्यायचं आहे ती हे वाचेल. बाकीचे वाचणार नाहीत. कुणाचंच काही बिघडत नाही.

हाच पेच अमेरिकेत २००५च्या सुरुवातीला मोठा वाद होऊन उभा राहिला. ‘मिलियन डॉलर बेबी’ हा क्लिंट ईस्टवुडचा सिनेमा मुष्टियोद्धा मुलीच्या जिद्दीची गोष्ट म्हणून लोकांसमोर आला. उत्तरार्धात तिला मानेखाली पक्षाघात होतो, ती मरण मागते आणि प्रशिक्षक ते देतो. परीक्षकांनी कलाटणी झाकली. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी मात्र निषेध केला. पाठीच्या कण्याची दुखापत झालेल्या माणसाचं जगणं जगण्यालायक नाही असा अर्थ त्यातून निघतो, हा त्यांचा आक्षेप. तो आक्षेप मांडायचा तर कलाटणी सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि सस्पेन्स फोडला म्हणून त्यावरही लोक चिडले. माझं मत स्पष्ट आहे: सिनेमाच्या विचाराशी वाद घालायचा असेल तर शेवटावर बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात इशारा द्या, आणि मग खुशाल बोला. सस्पेन्सच्या नावाखाली कुणाचा आक्षेप दाबून टाकू नये.

सहावी पायरी: आत्महत्येबद्दल लिहिताना

इथे दोन थरही पुरत नाहीत, वेगळी काळजी घ्यावी लागते. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेच्या पहिल्या पर्वात आत्महत्येचं सविस्तर दृश्य होतं. त्यावरून बरीच टीका झाली, पुढे मालिकेला सूचना जोडल्या गेल्या, आणि जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ते दृश्य काढूनच टाकलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यासाठी आणि रंगभूमीसाठी काम करणाऱ्यांना या विषयावर मार्गदर्शिका दिली.

लिहिणाऱ्यासाठी त्यातलं सार असं: आत्महत्या आहे एवढं वरच्या थरात लिहा. पद्धत खालच्या थरातही लिहू नका. ‘अखेर ती सुटली’, ‘त्याने धाडसाने शेवट केला’ अशी भाषा नको. पात्राला मदत मिळू शकली असती असं कथेत कुठे दिसत असेल तर त्यावर बोला. आणि खाली मदतीचा क्रमांक द्या. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सातवी पायरी: तोंडी बोलताना आणि मेसेज करताना

तोंडी चर्चेत एकच प्रश्न आधी विचारायचा: “कुठपर्यंत बघितलंस?” चर्चागट घेत असाल तर सुरुवातीलाच सांगा की पहिला अर्धा तास शेवटाला हात न लावता बोलू, मग चहा घेऊ, आणि चहानंतर शेवटाबद्दल. ज्यांनी पाहिलेला नाही ते चहा घेऊन घरी जाऊ शकतात, आणि त्यांना कुणी ‘अरे, चाललास कुठे?’ म्हणून अडवायचं नाही.

मेसेजमध्ये खरी गोम पहिल्या ओळीची असते. फोन बाजूला ठेवलेला असला तरी पडद्यावर पहिल्या दोन ओळी झळकतातच. म्हणून पहिल्या ओळीत सिनेमाचं नाव आणि इशारा, दुसरं काही नाही: ‘अमुक सिनेमा, शेवट सांगितला आहे.’ त्याखाली पंधरा-वीस ओळींत नुसते ठिपके टाका आणि मग लिहा. मेसेज लांबला की व्हॉट्सॲप पुढचा भाग दुमडून टाकतं आणि तो वाचायला मुद्दाम बोट लावावं लागतं. टेलिग्रामवर तर मजकूर निवडून तो झाकण्याची सोय आहे, दाबल्याशिवाय अक्षरं दिसत नाहीत. आवाजी मेसेज पाठवणार असाल तर आधी एक ओळ लिहून पाठवा, कारण तो मधेच कुठे थांबवायचा ते ऐकणाऱ्याला कळत नाही. फोटोचंही विसरू नका. शेवटच्या दृश्याचा फोटो टाकून खाली ‘स्पॉयलर’ लिहिण्यात काही अर्थ नाही, डोळे आधी फोटोवरच जातात.

चुकून फुटलंच तर, आणि कुणी मुद्दाम विचारलंच तर

दुसऱ्या कुणी गटात शेवट फोडला तर ‘अरे, शेवट कशाला सांगितलास!’ असं सगळ्यांसमोर लिहू नका. जो शेवट आहे की अंदाज हे लोकांना कळलं नव्हतं तो तुमच्या एका वाक्याने पक्का होतो. त्या माणसाला वेगळा मेसेज करा, ‘सगळ्यांसाठी डिलीट कर’ म्हणा, आणि गटात दुसऱ्या विषयावर चार मेसेज येऊ द्या. गप्पांत कुणाच्या तोंडून निसटलं तर चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे बोलत राहायचं. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या ते ध्यानातही आलेलं नसतं.

आणि शेवट आधीच विचारणाऱ्याला टोकू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये लघुकथांवर प्रयोग केला, त्यात शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा सरासरीने जास्तच आवडल्या होत्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटही दिसलं, म्हणजे सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही. नुकतंच घरात कुणी गेलं असेल, किंवा ताण सोसत नसेल, तर माणूस शेवट कळल्यावरच निवांत बसून बघू शकतो. “ती जगते ना गं?” असं मैत्रिणीने फोनवर विचारलं तर जवळपास सिनेमा न पाहिलेलं कुणी नाही ना एवढं बघा, आणि तिला सांगा. तिने विचारलं तेवढंच. कसं आणि कधी ते पुन्हा विचारलं तर.